वेलदोडा नावाचा हत्ती

मित्रांनो, माझे नाव क्रवान. आमच्या ख्मेर लोकांच्या भाषेत क्रवान म्हणजे वेलदोडा. एवढ्या धिप्पाड प्राण्याला असले इवलेसे नाव कोणी दिले, असे तुम्ही विचाराल. वेलदोड्याच्या डोंगरात मला पकडले, म्हणून हे नाव. आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या कानांच्या कडा दुमडल्या आहेत, गंडस्थळावर गुलाबी ठिपके आले आहेत आणि शेवटच्या दाढा झिजल्यामुळे ऊस चावायला मला अर्धी सकाळ लागते. पण मी सुखात आहे. सुखातली म्हातारी मंडळी फार बोलतात, हे तुम्हाला घरच्या अनुभवाने ठाऊक असेलच. तेव्हा जरा बसा.

मला पकडले तेव्हा मी अजून आईच्या पोटाखाली सावली शोधत होतो. डोंगरातल्या लोकांनी ओंडक्यांचे भक्कम कुंपण उभारले होते. ढोल बडवत आणि मशाली नाचवत त्यांनी आमचा कळप त्यात हाकलला. मोठ्या हत्तींना पुढे सोडून दिले आणि आम्हा पिल्लांना ठेवून घेतले. माझ्या आईचा आवाज बराच वेळ कुंपणापलीकडून येत राहिला, मग दूर दूर गेला. त्या दिवसांविषयी मी याहून जास्त सांगणार नाही.

राजधानीच्या हत्तीखान्यात माझ्या वाट्याला पंदन नावाचा माहूत आला. नुकतेच मिसरूड फुटलेला, काटक आणि भलताच बोलका. त्याच्याशी बोलायला घरात कोणी नव्हते, म्हणून तो सगळे माझ्याशी बोलायचा. भात कच्चा राहिला, पावसाने छप्पर गळले, कोणी वाटेत टोमणा मारला, सगळे माझ्या कानात. गवत कापणाऱ्या बायकांमध्ये रमदूल नावाची एक मुलगी होती. ती विळा चालवताना गुणगुणते, हेही त्याने आधी मलाच सांगितले. एके दिवशी रमदूल केळीचे खुंट घेऊन आली आणि पंदन नेहमीप्रमाणे माझ्या कानाशी लागला. तिने भारा खाली टाकला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली,

"काय बोलायचं ते मला बोल. हत्तीच्या कानात काय पुटपुटतोस? तो काय मला सांगायला येणार आहे?"

पुढच्या भातकापणीनंतर त्यांचे लग्न झाले. वरातीत मी होतो. फुलांच्या माळा मी वाटेतच खाल्ल्या, त्यावरून दोघांत पहिले भांडण झाले.

मित्रांनो, युद्धाचे शिक्षण म्हणजे न घाबरण्याचे शिक्षण. माझ्यासमोर जाळ पेटवत, कानाशी नगारे वाजवत, अंगावर मातीच्या टोकाचे भाले फेकत. मी मागे सरलो की पंदन अंकुशाऐवजी टाचेने माझ्या कानामागे हलकेच दाबायचा. "मी आहे ना वर," एवढेच म्हणायचा. हळूहळू मी शिकलो. हौद्यात उभ्या राहिलेल्या सरदाराचा तोल जाऊ नये म्हणून पाऊल कसे टाकायचे, तो धनुष्य ओढतो तेव्हा श्वास कसा धरायचा, हे सगळे मला येऊ लागले. माझ्या सुळ्यांना सोनेरी कडी बसवली गेली. सणाच्या मिरवणुकीत माझ्यावर लाल छत्र्या धरल्या जात आणि दुतर्फा उभे असलेले लोक माझे नाव घेऊन ओरडत. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? पंदन मात्र वरून म्हणायचा, "फार फुगू नकोस. केळीचा खुंट दिसला की सगळा रुबाब विसरतोस, मला ठाऊक आहे."

मग शेजारच्या मुलखातले चाम लोक चालून आले. आमची फौज तेव्हा दूरच्या सरहद्दीवर गेली होती. त्यांच्या नौका मोठ्या नदीतून सरोवरात शिरल्या आणि त्यांनी राजधानी लुटून जाळली. आम्ही परतलो तेव्हा हत्तीखान्याचे खांब कोळसा होऊन उभे होते. रमदूल सरोवराकाठच्या बोरूच्या बेटात लपून वाचली होती. पंदनला पाहून ती रडली नाही. तिने फक्त विचारले, "क्रवानला काही लागलं नाही ना?" आणि मग माझ्या पायाला टेकून तिथेच बसली.

काही वर्षांनी नव्या राजाने फौज उभी केली. त्या फौजेचे चालणे तुम्ही बघायला हवे होते. पुढे ध्वज आणि नगारे, मग भालेवाले, मग आम्ही हत्ती, आणि मागे बैलगाड्यांची रांग. गाड्यांबरोबर सैनिकांच्या बायका चालत. कोणाच्या डोक्यावर भाताचे मडके, कोणाच्या काखेत कोंबडी. रमदूलही माझ्या चाऱ्याच्या गाडीबरोबर होती.

गाठ पडली ती एका रुंद, उथळ नदीपाशी. चाम फौज अलीकडच्या काठावर होती. सकाळी सुरू झालेली लढाई दुपारपर्यंत आमच्या बाजूला झुकली. चामांची फळी फुटली. त्यांचे पायदळ नदीतून मागे पळू लागले आणि त्यांचे हत्तीही वळले. एक हत्तीण मात्र वळली नाही.

माझ्याहून ती बरीच लहान होती. तिच्या मानेवर एक हडकुळा माहूत बसला होता आणि पाठीवर एक भालाईत उभा होता. तिच्यामागे उतारावर चाम लोक आपल्या जखमींना होड्यांत चढवत होते. तिला ओलांडल्याशिवाय आम्हाला त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हते, आणि ती जागची हलत नव्हती. आमचे दोन हत्ती तिच्यावर चालून गेले, तिने दोघांना मागे रेटले. मग पंदनने मला पुढे घातले.

तिच्या पाठीवरच्या माणसाने भाला फेकला तो आमच्या सरदारावर. सरदार खाली वाकला. भाला पंदनच्या छातीत बसला. तो माझ्या मानेवरून घसरला आणि जाता जाता त्याने माझा कान घट्ट धरला, मग हात सुटला. त्याच वेळी दुसरा भाला माझ्या खांद्यात घुसला आणि आतच मोडला. मी सरळ पुढे गेलो. माझ्या धडकेने तिच्या पाठीवरचा भालाईत नदीत फेकला गेला. ती पडली तेव्हा मागच्या होड्या पलीकडे पोचल्या होत्या. एवढेच मला आठवते.

आम्ही जिंकलो. सरदाराला सोन्याच्या दांड्याची छत्री मिळाली आणि बसायला नवा हत्ती मिळाला. विजयाच्या मिरवणुकीत माझी कडी त्याच्या सुळ्यांत होती. मी लंगडत लंगडत घरी आलो. खांद्यातली जखम वरून बंद झाली आणि आतून चिघळली. मानेवर बसायला आलेल्या नव्या माहुताला मी खाली पाडले, त्याच्यानंतर आलेल्यालाही पाडले. मग कोणी येईनासे झाले. मला हत्तीखान्याच्या टोकाला, तळ्याकाठच्या चिंचेला बांधले. पाणी लांब बांबूने पुढे सरकवत. फक्त रमदूल जवळ यायची. पण जखमेला हात लावला की माझा तोल सुटायचा, म्हणून तीही मागे सरायची. मी खाणे कमी केले. चाऱ्यातही मला पंदनचा वास लागायचा.

हत्तीखान्याचे प्रमुख धरणीधर एकदा मला बघायला आले. माणूस दुष्ट नव्हता. लढाईनंतर चारा कमी होता, हत्ती पुष्कळ होते आणि उत्तर त्यांना द्यायचे होते. नाकाला उपरणे लावून ते लांब उभे राहिले आणि म्हणाले की नवा भात येईपर्यंत हा सुधारला नाही, तर याला दलदलीकडे नेऊन मरायला सोडून द्या. रमदूलने हात जोडले, पुष्कळ विनवले. ते म्हणाले, "अगं, याला मारायला मला काय आनंद आहे? पण याला हात कोण लावणार, ते तू सांग."

लढाईत धरलेले चाम कैदी तेव्हा नगरात कामाला लावले होते. त्यांतले काही हत्तीखान्यात पाणी भरत. एका दुपारी त्यांतला एक माणूस घडा घेऊन माझ्या दिशेने आला आणि बांबूपाशी थांबण्याऐवजी सरळ पुढे आला. वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता. मी त्याला लगेच ओळखले. तो त्या हत्तिणीचा माहूत होता.

मी कान पसरले. साखळदंड ताणला गेला. पलीकडे गवत कापणाऱ्या बायका विळे टाकून पळाल्या. रमदूल तेवढी उभी राहिली.

"अरे ए, मागे हो," ती म्हणाली. "तो मारेल तुला."

"मारेल," तो म्हणाला. आमची भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा. "पण जखम मध्ये किडा आहे. हा मरतो. एक हत्ती मेला, बघितला मी. दुसरा नको बघायला."

आणि तो माझ्या सोंडेच्या टप्प्यात येऊन जमिनीवर बसला. मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. बसला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलू लागला, हळू, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

मित्रांनो, मला दया आली असे म्हणू नका. क्षमा वगैरे मोठे शब्दही वापरू नका. त्याच्या कमरेला एक जाड, काळपट दोर गुंडाळलेला होता. तो त्याच्या हत्तिणीच्या गळ्यातला दोर होता. मी सोंड पुढे केली ती त्याला उचलून आपटण्यासाठीच. पण दोरापाशी आल्यावर मला हत्तीचा वास आला. घामाचा, धुळीचा, कानामागच्या ओल्या कातडीचा. कितीतरी दिवस माझ्याजवळ कोणी बसले नव्हते. मी तो दोर हुंगत राहिलो. तो माणूस उठला नाही.

त्याचे नाव जा बान.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. रमदूल कडुलिंबाचा पाला टाकून पाणी उकळायची, हळद वाटायची. जा बान जखम धुवायचा. पहिल्या वेळी मी त्याला ढकलून दिले, तो तळ्याच्या चिखलात जाऊन पडला. उठला, चिखल पुसला आणि पुन्हा आला. अखेर भाल्याचे मोडके टोक बाहेर निघाले तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की धरणीधर धावत आले. समोर पाहतात तो काय, त्यांचा वेडा हत्ती एका कैद्याच्या खांद्यावर सोंड टाकून उभा. ते दोन पावले जवळ आले. मग पहारेकऱ्याला म्हणाले की या माणसाला पाणी भरण्यातून काढा, हा इथेच राहू दे.

हत्तीखान्यात कुजबुज झालीच. ख्मेर हत्तीला चाम माणूस लागला काय, असे पुरुष म्हणत. बायका रमदूलला ऐकवत, "आज हळद वाटतेस, उद्या त्याला घरी जेवायलाही बोलाव हो." रमदूल कोणाचे ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. खरोखरच दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी केळीच्या पानात भात आणि आंबवलेल्या मासळीची चटणी आणली.

जा बानने पान समोर घेतले, पण घास उचलला नाही.

"ताई," तो म्हणाला, "आधी ऐका. मग जेवण द्यायचा की नाही, तुम्ही बघा. नदीवर एक हत्तीण उभा होता. भाला त्याच्यावरून आला. तुमचा नवरा पडला. भाला मी नाही फेकला. पण हत्तीण मी चालवत होता."

रमदूलने हातातले मडके खाली ठेवले. ती उठली आणि निघून गेली. चारा दुसऱ्याच बाईने आणून टाकला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. रमदूल दिसेना. जा बान रोज सकाळी फाटकाकडे पाहायचा आणि मग माझी जखम धुवायला घ्यायचा. मलाही चारा गोड लागेना. एवढ्या मोठ्या देहात किती लहानशी गोष्ट अडकून बसते, पाहा.

मग एका सकाळी ती आली. डोक्यावर केळीच्या खुंटांचा भारा. तो तिने धाडकन खाली टाकला. जा बान उभा राहिला.

"बघतोस काय? चीर आणि घाल त्याला," ती म्हणाली. "हत्तीला भूक लागते. माझा राग संपेपर्यंत तो थांबणार आहे का?"

जा बान खुंट चिरू लागला. ती बाजूला बसली. मग तिने विचारले, "तुझ्या हत्तिणीचं नाव काय होतं?"

"बिंगू."

"म्हणजे?"

"फूल."

"आमच्याकडे फुलाला एवढे मोठे कान नसतात," रमदूल म्हणाली. जा बान हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून रडला. ती उठून गेली नाही.

त्यानंतर माझे दिवस पालटले. जखम भरली, खांद्याला थोडी ओढ राहिली एवढेच. जा बानला मी मानेवर बसू दिले. त्याला आमचे हुकूम येत नव्हते आणि मला त्याचे. रमदूल खालून शिकवायची आणि जा बानचे उच्चार ऐकून सगळ्या गवतवाल्या बायका पोट धरून हसायच्या. तो "बैस" म्हणायचा ते मला "वैस" ऐकू यायचे. खरे सांगू? अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला होता. पण त्या हसत होत्या, रमदूलही हसत होती, म्हणून मी मुद्दाम उभा राहायचो.

पुढे नगराच्या मधोमध मोठे देऊळ बांधायला घेतले. लढाऊ हत्तीला दगड ओढायला लावले, असे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मला नाही वाटले. डोंगरातून कापलेले दगड कालव्याने तराफ्यांवर येत आणि घाटापासून देवळापर्यंत आम्ही ते ओढत असू. दगड जड असतो, पण तो भाला फेकत नाही. दगड जागेवर बसला की गवंडी पाठ थोपटतात, गुळाचा खडा देतात. आमच्याकडचा ताडाचा गूळ तुम्ही खाल्ला नसेल तर काय सांगू! सगळ्या लढायांत मिळून मला तेवढा गोडवा मिळाला नव्हता.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर लढाईचा देखावा कोरायचे ठरले. सैनिक, गाड्या, मडकी घेतलेल्या बायका, आणि हत्ती. कोरणाऱ्यांचा मुख्य होता कंदीन. सतत पान चघळणारा, तिरसट, हातात कोळसा घेऊन भिंतीला नाक लावून बसलेला. नदीवरच्या लढाईचा हत्ती अजून जिवंत आहे, असे कळल्यावर त्याने मलाच समोर उभे करायला सांगितले. मी उभा राहिलो. हत्ती उभा राहिला तरी थोडा झुलतोच.

"याला सांग जरा, नीट उभा राहा म्हणून," कंदीन जा बानवर खेकसला. "हा हलतो आणि माझी रेघ हलते."

"तुम्ही पान थुंकायला वळता, तेव्हा रेघ हलते," जा बान म्हणाला. तोपर्यंत त्याची भाषा चांगलीच सुधारली होती.

असे हसतखेळत चालले होते. माझी सोंड, माझे सुळे, वर हौदा, छत्र्या, सगळे कोळशाने भिंतीवर उतरले. मग कंदीनने माझ्यासमोरची जागा रेखायला घेतली. तिथे चाम हत्ती आले. सगळे पाठमोरे, शेपट्या वर करून पळणारे. त्यांतली सर्वांत जवळची हत्तीण, माझ्या सुळ्यांपुढून धावत सुटलेली.

जा बान माझ्या मानेवरून खाली उतरला. तो भिंतीपाशी गेला आणि त्या रेघांकडे पाहत राहिला. देखाव्यावर देखरेख करायला धरणीधर आले होते. आता तेही म्हातारे झाले होते आणि काठीवर रेलून बसले होते.

"ती पळाली नाही," जा बान म्हणाला.

कंदीनचा हात थांबला. धरणीधरांनी मान वर केली. "तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण ती पळाली नाही."

मित्रांनो, जा बान अजून कैदीच होता. कैद्याने राजाच्या भिंतीवर काय कोरावे ते सांगायचे नसते. दोन पहारेकरी पुढे झाले आणि त्यांनी त्याचे दंड धरले. धरणीधर म्हणाले की चाम फौज पळताना दाखवायची असे वरून ठरले आहे, आणि हे पुन्हा बोललास तर तुला डोंगरातल्या खाणीत पाठवावे लागेल, मग हत्तीला विसर. त्या खाणीतून माणसे परत येताना मी फार पाहिली नव्हती. जा बान मान खाली घालून उभा होता. पण आपले शब्द त्याने मागे घेतले नाहीत.

"मला काय, शेपटी काढायची की सोंड, ते एकदा सांगा," कंदीन वैतागून म्हणाला. "दगड कापला की परत जोडता येत नाही."

तेवढ्यात रमदूल माझी दुपारची वैरण घेऊन आली. तिने पहारेकऱ्यांकडे पाहिले, जा बानकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले. कोणी काही सांगण्याची गरज पडली नाही. लढाईच्या दिवशी ती गाड्यांबरोबर काठावर उभी होती. तिने सगळे डोळ्यांनी पाहिले होते. तिने भारा खाली ठेवला, पदर खोचला आणि ती धरणीधरांपुढे जाऊन उभी राहिली.

"तो खरं सांगतोय," ती म्हणाली. "ती पळाली नाही. पळाली असती तर माझा नवरा घरी आला असता."

पहारेकऱ्यांनी जा बानचे दंड कधी सोडले, ते त्यांनाही कळले नसावे. धरणीधर काठीच्या मुठीकडे पाहत राहिले. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "रमदूल, तू कोणाच्या बाजूने बोलते आहेस, कळतंय ना तुला?"

"कळतंय. तुम्ही तिला पळताना दाखवलंत तर माझा नवरा कोणाशी लढून गेला? पाठमोऱ्या हत्तिणीशी?"

कंदीनने तोंडातले पान बाजूला थुंकले. "बाई बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "पळणाऱ्याला हरवलं म्हणून कोणी देऊळ बांधत नाही, मालक. समोर एक तरी उभी असू दे."

धरणीधर उठून भिंतीपाशी गेले. त्यांनी बोटाने ती कोळशाची शेपटी पुसली. बराच वेळ पुसत राहिले. मग मागे न वळता त्यांनी जा बानला विचारले, "तिची काही खूण होती का?"

"डावा कान फाटका," जा बान म्हणाला. "पिल्लू होती तेव्हा काट्यात अडकला."

खरेच होते ते. मीही तो कान पाहिला होता.

कंदीनने ती हत्तीण कोरायला फार दिवस घेतले. माझ्या चित्रापेक्षा जास्त, हे मी नोंदवून ठेवले आहे. ती माझ्यासमोर उभी आहे, कपाळ पुढे, चारही पाय रोवलेले. माझ्या मानेवर पंदन आहे. त्याचे नाक कोरताना रमदूलने कंदीनला भंडावून सोडले. एवढे सरळ नव्हते, टोकाला जरा खाली वळलेले होते, हनुवटी अशी नव्हती. शेवटी कंदीनने छिन्नी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "घे, तूच कर." ती म्हणाली, "केलं असतं, पण मग तुला काम काय उरेल?" नाक मात्र शेवटी अगदी पंदनचेच झाले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी सोंड लावून हुंगले. नुसता दगडाचाच वास आला. हरकत नाही.

देऊळ पुरे झाले तेव्हा कैद्यांना मोकळे केले. काहीजण आपल्या मुलखाला गेले. जा बानलाही विचारले. तो म्हणाला की या म्हाताऱ्याला उसाची कांडी चिरून लागतात, दुसऱ्याला तेवढी बारीक जमत नाहीत. तो इथेच राहिला. हत्तीखान्याला लागून त्याची झोपडी आहे, तिच्या शेजारी रमदूलची. तिला दुसरा नवरा कर म्हणून सांगणाऱ्या बायकांना ती म्हणते, "एक केला होता, पुरे. हा शेजारी बरा आहे, बोललं तर उत्तर देतो." संध्याकाळी दोघे माझ्यापाशी बसून वाद घालतात, तांदूळ कोणाच्या मुलखातला चांगला, यावर. तो वाद अजून मिटलेला नाही आणि मिटू नये असे मला वाटते.

मित्रांनो, आता तुम्हाला एकच मागणे आहे. भिंतीवरचे हत्ती तुम्ही पाहाल. त्यांच्यावरून हात फिरवावासा वाटेल. फिरवू नका, कित्येक हातांनी कित्येक वर्षे घासले की दगडाचेही नाक झिजते, आणि पंदनचे नाक रमदूलने फार कष्टाने मिळवले आहे. त्याऐवजी तो हात जिवंत प्राण्यासाठी राखून ठेवा. हत्तीची पाठ रुंद असते म्हणून माणसे तिच्यावर काहीही लादतात. सरदार, छत्र्या, दगड, विजय. ते सगळे आम्ही वाहतो. पण ओझे उतरल्यावर कोणीतरी विचारावे की कुठे दुखते. मिरवणूक पुढे गेली की मागे झाडाला कोणी बांधलेले आहे का, ते पाहावे. मग तो हत्ती असो, बैल असो, की माणूस. औषध येत नसले तरी चालेल. नुसते जवळ जाऊन बसलात तरी पुष्कळ आहे.

माझ्याजवळ येऊन जो बसला, तो माझा शत्रू होता. तुम्ही तर मित्र आहात.